३६ व्होल्टच्या सायकलला ४८ ची बॅटरी लावण्याआधी कंट्रोलर उघडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सायकल ३६ व्होल्टची, मागच्या चाकात २५० वॅटची गिअरवाली हब मोटर, बॅटरी ७.८ अँपिअर-अवरची. छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याला राहता आणि वाळूज एमआयडीसीत ड्युटीला जाता. एका बाजूचं अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. आता बॅटरी अर्ध्या वाटेच्या जरा पुढेच दम टाकते, चढावर सायकल ओढत नाही. दुकानदार म्हणतो, नवी घ्यायचीच आहे तर ४८ व्होल्टची घ्या, स्पीडही वाढेल आणि ॲव्हरेजही.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: ४८ ची घेऊ नका. ३६ व्होल्टचीच घ्या, पण जास्त अँपिअर-अवरची घ्या. बीडमध्ये ई-सायकल आणि ई-रिक्षांचे पॅक, कंट्रोलर (बॅटरीची वीज मोटरला मोजून देणारी डबी), मोटरी दुरुस्त करणं हेच माझं काम आहे. जळून आलेल्या कंट्रोलरची चौकशी केली की ‘व्होल्ट वाढवले होते’ हे उत्तर फार वेळा ऐकू येतं. ४८ चं काम नीटही करता येतं, ते कुणी आणि कसं करावं हे पुढे लिहितो. पण तुमची गरज वेगळी आहे.

आधी आकडे. ‘३६ व्होल्ट’ हे नाव झालं. लिथियम-आयनच्या या पॅकमध्ये दहा सेल, किंवा शेजारी-शेजारी जोडलेल्या सेलचे दहा गट, एकापाठोपाठ जोडलेले असतात. प्रत्येक सेल फुल चार्जला ४.२ व्होल्ट, म्हणजे पॅक ४२ व्होल्ट. रिकामा झाला की साधारण ३०. ‘४८ व्होल्ट’च्या पॅकमध्ये असे तेरा सेल किंवा गट असतात. फुल असताना ५४.६ आणि रिकामा असताना ३९. दुकानात आपण ३६ आणि ४८ असं बोलतो, पण कंट्रोलरला सकाळी पहिल्यांदा चावी फिरवली की ४२ च्या जागी ५४.६ सोसावे लागतात. पुढचं सगळं या ५४.६ वर ठरतं. काही ठिकाणी ‘४८ व्होल्ट’ म्हणून एलएफपीचा (लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियमचाच दुसरा प्रकार) सोळा सेलचा पॅक देतात, तो तर फुल चार्जला ५८.४ पर्यंत जातो. म्हणून पॅक कुठलाही घ्या, पहिला प्रश्न हाच विचारा: फुल चार्जला किती व्होल्ट?

आता ॲव्हरेजचं बोलू, कारण दुकानदाराचं म्हणणं इथेच चुकतं. सायकल किती लांब जाईल हे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, म्हणजे वॅट-अवर ठरवतात. तुमचा पॅक नवा असताना ३६ गुणिले ७.८, म्हणजे २८० वॅट-अवरचा होता. पेडल न मारता फक्त थ्रॉटलवर, २५ च्या वेगाने, सपाटीला किलोमीटरमागे १२ ते १५ वॅट-अवर लागतात. म्हणजे नवा असतानाही तो वीस किलोमीटरच्या आसपासचाच होता, आणि आता निम्मा उरला असेल तर तुम्ही सांगता तिथेच संपणार.

२६०० मिलिअँपिअर-अवरच्या ५२ सेलमधून ४८ व्होल्ट, १०.४ अँपिअर-अवरचा पॅक होतो. तो जवळपास ५०० वॅट-अवरचा. तसेच ५० सेल घेऊन ३६ व्होल्ट, १३ अँपिअर-अवरचा पॅक केला तर ४६८ वॅट-अवर. दोन सेलचा फरक सोडला तर माल तोच, वजन तेवढंच, किमतीतही फार अंतर पडायला नको. ऊर्जा सेलमध्ये असते, ते तेराच्या ओळीत लावले की दहाच्या, याने ती वाढत नाही. उलट ४८ वर वेग वाढला तर ॲव्हरेज कमीच होतं. २५ चा वेग ३२ केला की वारा कापायला लागणारी ताकद दुपटीच्या वर जाते आणि किलोमीटरमागे वाऱ्यापायी होणारा खर्च दीडपटीहून जास्त. तुम्ही तर सकाळी पश्चिमेकडे निघता. जून-जुलैत आपल्याकडे पश्चिमेचा वारा कसा समोरून लागतो ते गोलवाडीच्या मोकळ्या रस्त्यावर तुम्ही अनुभवलंच असेल.

तर मग चढावर सायकल ओढत का नाही? यासाठी व्होल्ट वाढवण्याआधी एक तपासणी करा, पैसे लागत नाहीत. फुल चार्ज पॅकवर मल्टिमीटर लावा, ४१.५ ते ४२ दिसायला हवेत. मग चढावर पूर्ण थ्रॉटल देऊन बघा व्होल्ट किती खाली येतात. तुमच्या डिस्प्लेवर व्होल्ट दिसत असतील तर सोपं, नाहीतर मल्टिमीटरच्या तारा पक्क्या बांधून तो हँडलला लावा. चांगला ३६ चा पॅक १५ अँपिअरच्या ओढीला दोन व्होल्टच्या आसपास खाली येतो. तुमचा पॅक ४० वरून एकदम ३४-३५ ला येत असेल तर सेल म्हातारे झालेत, त्यांचा आतला अवरोध वाढलाय. मोटरला तिच्या हक्काचे व्होल्टच मिळत नाहीत, म्हणून ती ओढत नाही. अशा वेळी ४८ चा नवा पॅक लावला की सायकल ‘उडायला’ लागते आणि सगळं श्रेय व्होल्टला जातं. खरं तर नवा ३६ चा पॅक लावला असता तरी निम्म्याहून जास्त फरक तिथेच पडला असता. माझ्याकडे ‘पिकअप गेलाय’ म्हणून येणाऱ्या बहुतेक सायकलींचं दुखणं हेच निघतं.

वेगाचं म्हणाल तर मोटरचे फेरे व्होल्टच्या प्रमाणात वाढतात. ३६ वर २५ ची सायकल ४८ वर साधारण ३३ ला जाऊ शकते, जर कंट्रोलरने किंवा डिस्प्लेच्या सेटिंगने तिला २५ ला बांधलेलं नसेल तर. बांधलेलं असेल तर ४८ लावूनही ती २५ च पळेल. आणि ती बंधनाची वायर तोडायला कुणी सांगितलं तर थांबा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मोटरची ३० मिनिटांची ताकद २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तरच असं वाहन ‘मोटार वाहन’ धरलं जात नाही. नोंदणी नाही, लायसन्स नाही, ही सवलत त्या मर्यादेच्या आत आहे. ती ओलांडली की तुमची सायकल कायद्याने विनानोंदणीचं वाहन होते. नगर रोडवर, कंपन्यांच्या बसेस आणि कंटेनरच्या गर्दीत, कुणाला धक्का लागला तर विम्याशिवाय तुम्ही एकटेच उभे असता. त्यात ब्रेक. वेग २५ चा ३३ केला की थांबवायची ऊर्जा पावणेदोनपट होते, आणि स्वस्त सायकलींचे वायरवाले ब्रेक पावसात २५ लाच जेमतेम थांबवतात. मला पोलिसापेक्षा या ब्रेकचीच जास्त काळजी वाटते.

तरीही समजा ४८ करायचं आहे. मग बॅटरीची चौकशी नंतर, पहिला स्क्रू कंट्रोलरचा काढा. बॅटरी काढून ठेवा, पाच-दहा मिनिटं थांबा, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, चार्ज शिल्लक असतो. ॲल्युमिनियमच्या डबीची बाजूची पट्टी काढली की बोर्ड सरकवून बाहेर येतो. बॅटरीची लाल-काळी जाड वायर जिथे बोर्डाला डागलेली असते, तिथेच शेजारी बोटाच्या पेराएवढे एक-दोन गोल, उभे कपॅसिटर दिसतील. त्यांच्या अंगावर मायक्रोफॅरडचा आकडा असतो, आणि शेजारी व्होल्टचा. तो ५० असेल तर विषय संपला. ५० व्होल्टच्या कपॅसिटरवर ५४.६ टाकले तर तो फुगेल, डोक्यावरची फुली फाटेल किंवा थेट फुटेल. कदाचित पहिल्या दिवशी नाही, पण चालू उन्हाळा काढणार नाही. आकडा ६३ असेल तर तेरा सेलच्या पॅकला चालतो, पण एलएफपीच्या ५८.४ ला मोकळीक फारच थोडी उरते.

कपॅसिटर ६३ चा निघाला म्हणून लगेच खूश होऊ नका. डबीच्या भिंतीला ओळीने स्क्रूने आवळलेले काळे चौकोनी मॉस्फेट, म्हणजे मोटरची वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, असतात, त्यांचा नंबर वाचून किती व्होल्टचे आहेत ते बघा. ६० चे असतील तर ५४.६ ला नकोतच, कारण चालू-बंद होताना तारेत जे झटके उठतात ते बॅटरीच्या व्होल्टच्या वर जातात. ७५-८० चे असतील तर चालतं. तिसरी जागा लोक बघतच नाहीत: बॅटरीचे व्होल्ट खाली आणून थ्रॉटल आणि हॉल सेन्सरला (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणारा भाग) ५ व्होल्ट देणारा छोटा रेग्युलेटर, आणि त्याच्याआधी लावलेला रेझिस्टर. तो रेझिस्टर ३६ च्या हिशोबाने निवडलेला असतो. व्होल्ट वाढले की जास्तीचा सगळा भार उष्णता बनून त्याच्यावरच येतो. माझ्याकडे ४८ लावून आलेल्या कित्येक कंट्रोलरमध्ये मॉस्फेट शाबूत आणि हा रेझिस्टर मात्र काळा पडून त्याच्याखालचा बोर्ड तपकिरी झालेला असतो. मालक सांगतो, सायकल मधेच बंद पडते आणि थंड झाली की चालते. ही खूण लक्षात ठेवा.

कंट्रोलरने सोसलं तरी बॅटरी संपल्याचं त्याला कळणार नाही. ३६ चा कंट्रोलर साधारण ३१ व्होल्टला मोटर बंद करतो, पॅक वाचवण्यासाठी. तेरा सेलच्या पॅकला ३१ म्हणजे सेलमागे २.४ व्होल्टच्याही खाली. मग पॅक वाचवायचं सगळं काम एकट्या बीएमएसवर, म्हणजे पॅकच्या आतल्या संरक्षण-बोर्डावर येतं, आणि रोज बीएमएसने तोडेपर्यंत चालवलेला पॅक लवकर म्हातारा होतो. डिस्प्लेवरच्या कांड्याही ३६ च्या हिशोबाच्या, त्या शेवटपर्यंत फुल दाखवतील आणि सायकल रस्त्याच्या मधोमध अचानक थांबेल. पुढचा दिवा आणि हॉर्न थेट पॅकवर जोडलेले असतील तर त्यांचंही लेबल वाचा.

मोटरचं सांगतो. कंट्रोलर तोच, १५ अँपिअरचा. ३६ वर तो ५४० वॅट ओढतो, ४८ वर ७२०. चढावर, हळू वेगात, मोटरच्या तारांमधून जाणारा करंटही त्याच प्रमाणात वाढतो, आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने. करंट सव्वा ते दीडपटीच्या मधे, तर उष्णता पावणेदोनपट. मांजरसुंब्याच्या घाटाकडच्या एका गावातून दूध घालणारे एक काका सायकल घेऊन आले होते. ३६ ची मोटर, ४८ चा पॅक, मागे दोन कॅन. सपाटीला महिनाभर छान चालली म्हणाले. मोटरचं झाकण काढलं तर आतलं ग्रीस तेलासारखं पातळ होऊन बाजूला जमलं होतं. तीन नायलॉन गिअरपैकी दोघांचे दात एका बाजूने सोलल्यासारखे सपाट झालेले, आणि हॉल सेन्सरच्या बारीक तारांचं आवरण वितळून एकमेकांना चिकटलेलं. गिअर बदलता आले, सेन्सर बदलता आले, पण रोजचं दूध आठवडाभर दुसऱ्याच्या गाडीवर गेलं. त्यांना हवी होती ओढ. ती त्यांना मोठी मोटर लावूनच मिळायला हवी होती.

आणखी दोन जुगाड ऐकायला मिळतात, दोन्ही करू नका. पहिला, जुन्या ३६ च्या लिथियम पॅकला १२ व्होल्टचा वेगळा पॅक सिरीजमध्ये जोडायचा. ज्या क्षणी एका पॅकचा बीएमएस तोडतो, त्या क्षणी दोन्ही पॅकचे मिळून व्होल्ट त्या एका बीएमएसच्या मॉस्फेटवर येतात. ते त्यासाठी बनवलेले नसतात. ते जळून जोडलेल्याच अवस्थेत राहिले तर संरक्षण संपलं, आणि तुम्हाला कळतही नाही. दुसरा, शिसं-आम्लाच्या तीन बॅटऱ्यांच्या सायकलला चौथी बॅटरी जोडायची. नवी बॅटरी जुन्या तिघींबरोबर कधीच समान चार्ज होत नाही. शिवाय चार्जिंगला लावल्यावर चारींचे मिळून ५७-५८ व्होल्ट होतात, आणि कंट्रोलर जोडलेलाच असेल तर ते त्याच्यावरही येतात.

मग ४८ कुणी करावं? ज्यांच्या मोटरवर ३६/४८ असं दोन्ही लिहिलंय, ज्यांना कंट्रोलर आणि डिस्प्ले तसेही बदलायचे आहेत. त्यांनी बॅटरी, कंट्रोलर, डिस्प्ले आणि चार्जर असा पूर्ण संच ४८ चा घ्यावा, कंट्रोलरचा करंट ११-१२ अँपिअरवर ठेवावा, म्हणजे ताकद जवळपास तेवढीच राहून तारा आणि कनेक्टर थंड राहतात, आणि वेग २५ च्या आतच बांधावा. मागच्या एक्सलला टॉर्क आर्म (एक्सल फ्रेमला घट्ट धरून ठेवणारी लोखंडी पट्टी) लावावा, नाहीतर झटक्याने एक्सल फिरतो आणि मोटरची वायर पिळून तुटते. जुना ४२ व्होल्टचा चार्जर घरातून बाहेर काढावा. उलट चूक जास्त घातक आहे: ५४.६ चा चार्जर ३६ च्या पॅकला लागला आणि बीएमएसने वेळेवर तोडलं नाही तर आग लागू शकते. दोन्ही चार्जरची पिन बऱ्याचदा एकसारखीच असते.

तुमच्यासाठी मात्र ३६ व्होल्ट, १३ अँपिअर-अवर. कंट्रोलर, डिस्प्ले, दिवा, चार्जर सगळं आहे तेच राहतं. जाऊन-येऊन तीस किलोमीटरला थ्रॉटलवर ४२० वॅट-अवर धरा, पेडल मारत गेलात तर तीनशेच्या आसपास. ४६८ मध्ये ते बसतं. जुन्या दोन अँपिअरच्या चार्जरने पूर्ण भरायला सात तास लागतील. जुन्या पॅकमध्ये १५ अँपिअरची ओढ तीन सेलांवर वाटली जायची, सेलमागे ५ अँपिअर. आता पाच सेलांवर वाटली जाईल, सेलमागे ३. सेल कमी तापतील आणि जास्त दिवस टिकतील.

पॅक घेताना वजनकाटा वापरा. १८६५० आकाराचा खरा सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो. पन्नास सेलचेच सव्वादोन किलोच्या पुढे होतात, डबी आणि बीएमएस धरून पॅक तीन किलोच्या आसपास जायला हवा. ‘१३ अँपिअर-अवर’चा पॅक दोन किलोत बसला तर आत एकतर सेल कमी आहेत किंवा हलके आहेत. सेलवर ९९०० मिलिअँपिअर-अवर लिहिलेलं दिसलं तर दुकानातून परत फिरा, या आकाराच्या सेलमध्ये ३५०० च्या फार पुढे कुणी गेलेलं नाही. बीएमएस किमान २० अँपिअरचा मागा. डबी बंद करण्याआधी बॅलन्सच्या बारीक तारांवर दहाही गटांचे व्होल्ट तुमच्यासमोर मोजून घ्या. फरक ०.०५ च्या आत असावा. सेलवर थेट सोल्डरचा डाग दिसला तर पॅक घेऊ नका, निकेल पट्टी स्पॉट वेल्डिंगनेच लावलेली हवी. पॅकपासून निघणाऱ्या लाल वायरवर २५ ते ३० अँपिअरचा फ्यूज बसवून घ्या.

शेवटचं, आपल्या उन्हाळ्याचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४४ ला सहज जातो. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो, आणि कंपनीच्या पार्किंगमध्ये उन्हात उभ्या सायकलची काळी डबी त्याच्या कितीतरी वर तापते. पॅक काढून आत सावलीत ठेवता आला तर रोज ठेवा. दुपारच्या शिफ्टहून आल्याबरोबर चार्जिंगला लावू नका, हाताला गार लागेपर्यंत थांबा. पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्ज करणं टाळा. पहाटेची वेळ सगळ्यात चांगली. चार्जिंग कधीही दाराच्या वाटेत किंवा झोपायच्या खोलीत करू नका. खाली फरशी असावी, आजूबाजूला गादी-कपडे नसावेत. नवा पॅक लावल्यावर पहिले काही दिवस चढ संपला की उतरून मोटरवर आणि बॅटरीच्या कनेक्टरवर तळहात ठेवून बघा. कोमट लागलं तर ठीक. मोटरवर पाच सेकंद हात ठेवता येत नसेल तर त्या चढाला पेडल मारा. कनेक्टर एकटाच गरम लागत असेल तर पिन सैल आहे. ती तशीच वापरू नका, कनेक्टर बदलून घ्या.